यंत्र बसले, आजार राहिला

हृदयविकार म्हटला की आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. छातीत अकस्मात कळ येते, दरदरून घाम फुटतो, घरच्यांची धावाधाव होते आणि रोगी एक तर वाचतो किंवा जातो. या चित्रात न बसणारा, वीस-वीस वर्षे सोबत करणारा हृदयाचा आजार असू शकतो, ही गोष्ट सहजासहजी कोणाच्या पचनी पडत नाही. एट्रियल फिब्रिलेशन हा असा आजार आहे. त्यात हृदय बंद पडत नाही. त्याचा ताल सुटतो. वरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे कर्णिकांचे, आकुंचन एका लयीत व्हावयाचे, त्याऐवजी त्यांना नुसती थरथर सुटते. खालच्या जवनिकांकडे विजेचे संदेश वेड्यावाकड्या अंतराने पोहोचतात, आणि मनगटावर बोट ठेवले तर नाडी कधी धावते, कधी अडखळते, कधी एखादा ठोका गाळते. कोणाला धडधड जाणवते, कोणाला जिना चढताना दम लागतो, आणि पुष्कळांना काहीच कळत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक एकमध्ये, शहाड स्थानकापासून सेंच्युरी रेयॉनच्या आसपास पसरलेल्या वस्तीत, किंवा पलीकडे अंबरनाथ-बदलापुरात, या आजारावर उपचार करून आलेली माणसे भेटणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणाच्या डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत पेसमेकर बसविलेला असतो, कोणाचे ॲब्लेशन झालेले असते, आणि काहींचे दोन्ही. मुंबईतल्या रुग्णालयातून माणूस घरी येतो, देवापुढे नारळ फुटतो, शेजारीपाजारी भेटून जातात आणि ‘आता मशीन बसवलंय, काळजी मिटली’ असा निर्वाळा सर्वानुमते दिला जातो. घोटाळ्याला सुरुवात होते ती येथेच. कारण या आजारात यंत्र बसल्याने बहुधा आजार जात नाही. तो दिसेनासा मात्र होतो, आणि या दोहोंतील फरक न कळल्यामुळे माणसे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतात.

पेसमेकर काय करतो आणि काय करीत नाही, हे आधी स्पष्ट व्हावयास हवे. हृदयाची गती मंदावली, ठोक्यांत मोठा खंड पडू लागला, तर पेसमेकर तो खंड भरून काढतो. गती वाढली तर ती खाली आणणे हे त्याचे काम नव्हे. मग गती वाढण्याच्या आजारात तो बसवितात कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर असे, की पुष्कळ वयस्क रोग्यांत दोन्ही विकार एकत्र नांदतात. हृदय तासभर बेफाम धावते आणि थांबताना चार-पाच सेकंद गप्पच बसते. त्या क्षणी रोग्याला घेरी येते. वेग आवरण्यासाठी औषध द्यावे तर हा खंड आणखी लांबतो. अशा कोंडीत पेसमेकर खालची बाजू सांभाळतो आणि डॉक्टरांना वरच्या बाजूसाठी औषधे देण्याची मोकळीक मिळते. म्हणून पेसमेकर बसल्यानंतरही धडधड होते, आणि यंत्र बिघडले अशा समजुतीने रोगी घाबरा होतो. वस्तुतः यंत्र आपले काम चोख बजावीत असते. त्याला जे काम सांगितलेलेच नाही त्याचा जाब आपण त्याच्याकडे मागत असतो.

ॲब्लेशनच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे, कारण त्या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी मोडतात. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले, की या बेताल थरथरीची ठिणगी पुष्कळदा फुप्फुसांतून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांच्या मुखाशी पडते. तेव्हापासून जांघेतील शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन त्या मुखांभोवतीचे ऊतक जाळून किंवा गोठवून वेगळे काढण्याची रीत रूढ झाली. या ॲब्लेशनचा हेतू आजार मुळातून काढण्याचा असतो. तो पुष्कळांच्या बाबतीत साधतो, काहींच्या बाबतीत साधत नाही, काहींना ते पुन्हा करावे लागते. दुसऱ्या प्रकारात कर्णिकांना हातच लावीत नाहीत. वरून खाली संदेश नेणारा मधला सांधा तेवढा जाळून टाकतात आणि खालच्या जवनिकांचा कारभार कायमचा पेसमेकरकडे सोपवितात. वरच्या मजल्यावरचा गोंधळ तसाच चालू राहतो. जिन्याचे दार बंद केल्यामुळे तो खाली ऐकू येत नाही, इतकेच. औषधांनी ज्यांचे काहीच साधत नाही अशा रोग्यांना या उपायाने मोठा आराम पडतो. परंतु आपले ॲब्लेशन यांपैकी कोणते, हे ठाऊक असलेला रोगी विरळा. डिस्चार्जच्या कागदावर ते इंग्रजीत लिहिलेले असते, आणि तो कागद बहुधा कपाटात रेशनकार्डाशेजारी घडी घालून ठेवलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. नाडी पाहून प्रकृतीचा अंदाज बांधण्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. वैद्यांनी ती शिकविली, डॉक्टरांनीही मोडली नाही. परंतु ज्याचा मधला सांधा जाळून पेसमेकर लावला आहे त्याची नाडी खरे सांगत नाही. ती घड्याळासारखी चालते. मिनिटाला सत्तर म्हणजे सत्तर. आत कर्णिका मात्र पूर्वीप्रमाणेच थरथरत असतात, आणि त्या थरथरीमुळे डाव्या कर्णिकेच्या एका कोपऱ्यातील पिशवीवजा भागात रक्त साचून त्याची गुठळी होण्याचा संभव पूर्वीइतकाच असतो. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की बोलता-चालता माणूस एका अंगाने लुळा पडतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात अनेक दशके चाललेल्या प्रसिद्ध पाहणीच्या आधारे १९९१ मध्ये असे अनुमान निघाले, की या आजाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. त्याच पाहणीच्या १९७८ च्या निष्कर्षानुसार संधिवातज्वराने झडप निकामी झालेली असल्यास तो सतरापटीपर्यंत जातो. पेसमेकरने हा धोका कमी होत नाही. तो कमी होतो गुठळी न होऊ देणाऱ्या औषधाने, आणि नाडी ठीक चालू लागली म्हणून रोगी नेमके तेच औषध बंद करतो. बरे वाटत आहे, मग गोळी कशाला, या युक्तिवादाला घरात कोणी हरकतही घेत नाही. महिन्याचा तेवढाच खर्च वाचतो.

या औषधाविषयीचा आणखी एक गैरसमज आपल्या बोलीतूनच निर्माण झाला आहे. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव आपण ॲस्पिरिनलाही देतो आणि वॉरफरिन, ॲसेनोकुमेरॉल यांसारख्या औषधांनाही देतो. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. त्याची गोठण्याची क्रिया मंदावते, आणि ती दोन प्रकारच्या गोळ्यांत दोन निराळ्या वाटांनी मंदावते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या शेजाऱ्याची गोळी आणि आपली गोळी एकच, असे समजून स्वस्तातली ॲस्पिरिन घेत राहणारे लोक थोडे नाहीत. कर्णिकांच्या या विकारात ॲस्पिरिनने पुरेसे संरक्षण मिळत नाही, हे अनेक चाचण्यांतून निर्विवाद ठरले आहे.

वॉरफरिनच्या कुळाची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेत सडलेला चारा खाऊन गुरांना रक्तस्राव होऊ लागला, त्याच्या शोधातून हे कूळ सापडले, आणि १९४८ साली वॉरफरिन प्रथम बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून. तेव्हा त्याच्या मात्रेला जपणे भाग आहे. रक्ताची आयएनआर नावाची तपासणी करून तिचा आकडा सामान्यतः दोन ते तीन यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे. आणि हा आकडा ताटातल्या पदार्थांनी हलतो. हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. सिंधी घरातील पालकाची साई भाजी असो की मराठी घरातील अळूचे फदफदे, त्या सोडण्याचे कारण नाही. त्यांचे प्रमाण आठवड्यामागून आठवडा साधारण सारखे असावे, एवढेच पथ्य. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी महिनोन् महिने तिचे नाव नाही, असे मात्र या रोग्याला चालत नाही. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी याहून पुष्कळच धोक्याची, कारण तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आपल्याकडे रोग्याला वांगे वर्ज्य की मुळा वर्ज्य यावर घरात तासभर खल होतो. गुडघ्याच्या गोळीविषयी कोणी विचारीत नाही.

वॉरफरिनऐवजी आता डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्सबॅन, एपिक्सबॅन ही नवी औषधे आली आहेत. त्यांना वारंवार तपासणी लागत नाही, पालेभाजीचे बंधन नाही. पेटंटची मुदत सरल्यावर भारतीय कंपन्यांनी ती बनविण्यास सुरुवात केली आणि किमती उतरल्या. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डॅबिगॅट्रानचा समावेशही झाला. मग जुने औषध हवे कशाला, असे शहरी मनाला वाटेल. येथे आपल्या देशाची परिस्थिती आडवी येते. पाश्चात्त्य देशांत हा बहुतांशी म्हाताऱ्यांचा आजार आहे. भारतातील २४ केंद्रांवरील दीड हजारावर रोग्यांची जी नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली तीत रोग्यांचे सरासरी वय सुमारे ५५ निघाले, आणि जवळजवळ निम्म्यांच्या आजाराचे मूळ संधिवातज्वराने बिघडलेल्या झडपांत होते. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. ते विसरले जाते आणि तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी हृदय बेताल होते. दाटीवाटीच्या वस्तीत हा ज्वर फैलावतो, हे जुने निरीक्षण आहे. लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासितांची कुटुंबे कोंबून ज्या नगराचा संसार सुरू झाला आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते ज्याचे नामकरण झाले, त्या नगराला दाटीवाटी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आणि याच रोग्यांच्या बाबतीत नवे औषध उणे पडते. भारतासह अनेक विकसनशील देशांतील साडेचार हजार रोग्यांवर झालेल्या इन्व्हिक्टस या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. संधिवातज्वराने झडप बिघडलेल्या रोग्यांत रिव्हॅरोक्सबॅनपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या जातीच्या औषधाने मृत्यू कमी झाले. म्हणजे ज्या रोग्याला महिन्याच्या तपासणीची दगदग सर्वांत कमी झेपते, त्यालाच ती टळत नाही.

ही गोळी जन्मभर घ्यावयाची काय? सरसकट होय म्हणणे बरोबर नाही. पहिल्या प्रकारच्या ॲब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने ती सर्वांनाच घ्यावी लागते. त्यानंतरचा निर्णय रोग्याला कसे वाटते यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वी पक्षाघात झाला होता काय, अशा गोष्टींवर ठरतो. दक्षिण कोरियातील ८४० रोग्यांच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ॲब्लेशननंतर किमान वर्षभर आजार उलटल्याची नोंद नसलेल्या लोकांत गोळी थांबविणे हेच एकंदरीत अधिक हिताचे ठरले, कारण रक्तस्राव टळले. तेव्हा उद्या पुष्कळांची सुटका होईलही. परंतु ‘आजार उलटल्याची नोंद नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नोंद नाही असे म्हणण्यासाठी नोंद ठेवलेली असावी लागते. रोग्याला जाणवले नाही ही नोंद नव्हे. गंमत अशी, की वर आणि खाली दोन्ही कप्प्यांत तारा असलेला आधुनिक पेसमेकर ही नोंद स्वतःच ठेवतो. कर्णिका कोणत्या दिवशी किती वेळ बेताल होत्या, याची रोजनिशी त्याच्या पोटात असते. ती वाचण्याचे यंत्र छातीवर धरले की पाच-दहा मिनिटांत सारे कळते, बॅटरी किती उरली तेही कळते. सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने, ही तपासणी व्हावी असा दंडक आहे. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे चालते म्हणून आठ वर्षे तिकडे फिरकावयाचे नाही, असा त्याचा अर्थ नाही.

ॲब्लेशननंतरचे पहिले तीन महिने नव्या रोग्याला फार जड जातात, कारण या काळात धडधड पुन्हा पुन्हा होते आणि पैसे पाण्यात गेले असे वाटू लागते. हृदयावरील व्रण भरून येण्याचा हा काळ असतो. त्यातील बिघाडावरून उपचार फसला असा निष्कर्ष डॉक्टरही काढीत नाहीत. मात्र दोन-चार आठवड्यांनंतर ताप येऊ लागला, घास गिळताना दुखू लागले, तर मलेरियाची किंवा ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी बसू नये. अन्ननलिकेला इजा झाल्याची ती खूण असू शकते. हे क्वचित घडते, पण घडल्यास प्राणावर बेतते, आणि गल्लीतल्या डॉक्टरला ॲब्लेशन झाल्याचे सांगितलेच नाही तर त्याच्या ध्यानात येण्याचे कारण नाही.

एरवी या रोग्याचे जगणे इतरांसारखेच असावे. आपल्या घरांतून प्रेमापोटी त्याला जायबंदी केले जाते. बादली उचलू नका, जिना चढू नका, लग्नाला जाऊ नका. पहिले चार-सहा आठवडे पेसमेकरच्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, कारण आतल्या तारा पक्क्या रुजावयाच्या असतात. कल्याणनंतरच्या गर्दीत लोकलची वरची कडी त्या हाताने धरावयाची नाही, हा या नियमाचा आपल्याकडील अर्थ. शिक्षकाने फळ्यावर दुसऱ्या हाताने लिहावे किंवा महिनाभर बसून शिकवावे. पुढे हात पूर्ववत वापरावा. न वापरल्यास खांदाच आखडतो. मोबाइल वीतभर दूर ठेवावा, सदऱ्याच्या डाव्या खिशात नको. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर असावे. स्थानकावरील धातुशोधकाच्या चौकटीतून सरळ चालत जावे, तिच्याशी रेंगाळू नये. एमआरआय काढण्याची वेळ आली तर आपला पेसमेकर त्याला चालणारा आहे काय, हे आधी विचारावे. खरी अडचण होते ती वेल्डरची. उल्हासनगरातील आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत हातात वेल्डिंगची काडी धरून पोट भरणारी माणसे पुष्कळ आहेत. विजेच्या वेल्डिंगभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होते त्याने पेसमेकरची फसगत होऊ शकते. करंटचा जोर, केबल आणि छाती यांतील अंतर, पेसमेकरचे सेटिंग यांचा विचार करून काहींना हे काम करता येते, काहींना ते सोडावेच लागते. त्याला मालकाने कापण्याच्या किंवा तपासणीच्या कामावर घ्यावे, हे सांगावयाला सोपे. दहा माणसांच्या शेडमध्ये असे दुसरे काम बहुधा नसतेच. डॉक्टरांच्या सल्ल्याचा कागद आणि महिन्याचा पगार यांत त्याने काय निवडावे, याचा विचार पेसमेकरचा खर्च उचलणाऱ्या व्यवस्थेने केलेला नाही.

यंत्रासह माणूस किती जगू शकतो? ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसला. रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तो बुटाच्या पॉलिशच्या डबीत ओतून घडविला होता आणि तो काही तासांतच बंद पडला. लार्सन पुढे पंचवीसच्या आसपास यंत्रे बदलीत २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तो बसविणारे शल्यविशारद ओके सेनिंग आणि घडविणारे एल्मक्विस्ट या दोघांनाही त्यांनी मागे टाकले. तो स्वीडन होता, असे कोणी म्हणेल. तर मग जवळचे उदाहरण पाहू. उल्हासनगरात तयार झालेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद दोन पिढ्यांनी ऐकला आहे. खऱ्या अमेरिकेतून आलेल्या पेसमेकरांची हकिगत मात्र फारशी कोणी ऐकलेली नाही. तेथे मृत व्यक्तींच्या शरीरातून, कुटुंबीयांच्या संमतीने, काढलेले पेसमेकर मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये पाठविण्यात आले. ज्यांची बॅटरी पुरेशी उरली होती असे ५३ पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरीब रोग्यांना बसविले गेले. जंतुसंसर्ग वा यंत्राच्या बिघाडाचे अरिष्ट ओढवले नाही. मजूर पुन्हा मजुरीला लागले, स्त्रिया घरकाम करू लागल्या. यश लोखंडवाला आदी डॉक्टरांचा सहभाग असलेला हा अभ्यास पुढे अमेरिकन हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वापरलेले यंत्र पुन्हा वापरावे की नाही याविषयी कायद्याचे व नीतीचे प्रश्न आहेत, त्यांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे, की उसन्या यंत्रावरही ही माणसे नीट जगली, कारण कोणी तरी त्यांना नंतर बोलावून तपासत राहिले. तसे तपासल्याशिवाय तो अभ्यासच झाला नसता.

नेमके हेच आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत घडत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. पेसमेकर तीत बसतो. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु योजना शस्त्रक्रियेची किंमत मोजते. त्यानंतरच्या दहा वर्षांतील महिन्याची गोळी, महिन्याची तपासणी आणि सहामाहीची मुंबईची फेरी ही रोग्याची खासगी बाब ठरते. कॅम्प एकमधील माणसाने शहाडहून कसारा मार्गाची लोकल धरावी, बदलापूरच्या माणसाने कर्जत मार्गाची, आणि परळच्या केईएम रुग्णालयात रांगेला उभे राहावे. त्यासाठी त्याचा आणि सोबतच्या मुलाचा एक दिवसाचा रोज बुडावा. अशा किती फेऱ्या होणार? दोन-तीन वर्षे होतात. मग पेसमेकर चालूच असतो, नाडी ठीक असते, आणि जाणे थांबते.

कापडाच्या गिरण्यांच्या बर्नली या इंग्लिश गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स मॅकेंझी नावाचा एक साधा व्यवसायी डॉक्टर होता. गिरणीकामगारांच्या घरची तीच माणसे तो वर्षानुवर्षे तपासत आला. म्हणूनच झडप बिघडलेल्या एका स्त्रीची नाडी ज्या दिवशी बेताल झाली त्या दिवशी तिच्या हृदयातील कर्णिकेच्या आकुंचनाची खूण नाहीशी झाल्याचे त्याला उमगले. या आजाराच्या आधुनिक ज्ञानाचा आरंभ बराचसा तेथून होतो. लंडनच्या मोठ्या रुग्णालयात एकदा येऊन जाणारा रोगी पाहून हे कोणाला समजले नसते.

उल्हासनगर कॅम्प तीनच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयाकडे अंबरनाथ, बदलापूर, मुरबाडपासूनचे लोक येतात. अंबरनाथला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या दोन ठिकाणी आठवड्यातील एक सकाळ रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी राखून ठेवावी. बोटाच्या टोकाच्या थेंबावर दोन मिनिटांत आकडा सांगणारी लहान यंत्रे आज उपलब्ध आहेत, आणि आकडा पाहून मात्रा कमी-अधिक करण्याचे काम प्रशिक्षित परिचारिकाही ठरलेल्या कोष्टकानुसार करू शकते. पेसमेकर वाचण्याची यंत्रे कंपन्यांचे तंत्रज्ञ स्वतःच घेऊन फिरतात. दर तीन महिन्यांनी एका ठरलेल्या दिवशी त्यांना परळऐवजी अंबरनाथला बोलाविले, तर शेकडो माणसांचा प्रवास वाचेल. ज्या रुग्णालयाने योजनेचे पैसे घेऊन यंत्र बसविले, त्याने आपल्या रोग्यांची यादी त्या-त्या तालुक्याकडे पाठवावी, एवढी अट शासनाला घालता येणार नाही काय? यासाठी नवी इमारत नको, नवे खाते नको. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही हा आजार पुस्तकापेक्षा त्या सकाळी अधिक चांगला समजेल.

आणि डिस्चार्जच्या वेळी इंग्रजी सारांशासोबत एक लहान कार्ड द्यावे. पेसमेकर का बसविला. ॲब्लेशन दोहोंपैकी कोणते. गुठळीची गोळी कोणती आणि ती कोणाला विचारल्याशिवाय थांबवावयाची नाही. पुढची तपासणी कोठे व कधी. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर विलंब न लावता १०८ ला फोन करून आपण ही गोळी घेतो हे प्रथम सांगावे. याहून अधिक मजकुराची गरज नाही. मराठीत ते हवेच. उल्हासनगरसाठी हिंदीत आणि सिंधीतही हवे, आणि सिंधी दोन लिप्यांत हवे, कारण आजोबा अरबी लिपी वाचतात आणि नातवाला देवनागरीच येते. गोळ्यांचा डबा भरण्याचे काम बहुतेक घरांत नातवाकडे असते.